ठोकेकाकांचा हात आणि पीळकाकूंचा कान

होड्या बांधणाऱ्या त्या शेडमध्ये एक जुना नियम पाळला जात असे. जो माणूस कामावर लागेल त्याच्यासाठी दाराशेजारच्या लाकडी भिंतीत एक खिळा ठोकायचा. त्या खिळ्याला त्याने आपली पिशवी आणि आपले मुख्य हत्यार अडकवायचे. माणसाने काम सोडले, की मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने पकडीने तो खिळा उपटायचा, भोकात लाकडाची बारीक मेख बसवायची आणि ती घासून भिंतीशी सपाट करायची. भिंतीत अशा एकोणीस मेखा होत्या. खिळे चारच उरले होते. दोन सुतार भावांचे दोन, खुद्द मिस्त्रींचा एक, आणि दाराच्या अगदी जवळचा, वापरून वापरून चांदीसारखा चकाकणारा, तो ठोकेकाकांचा.

ही हकिगत त्या चौथ्या खिळ्याची आहे. परंतु ती सांगायची तर ठोकेकाकांपेक्षा त्यांच्या पत्नीविषयी अधिक सांगावे लागेल, कारण त्या खिळ्याचा भार सहा वर्षे प्रत्यक्षात त्यांनी वाहिला, आणि तोही कोणाच्या लक्षात येऊ न देता.

त्यांना सगळे पीळकाकू म्हणत. होडीच्या सांध्यांत भरायच्या सुताला पीळ देण्याचे काम त्या लग्न झाल्यापासून करीत आल्या होत्या, म्हणून हे नाव पडले. बोलण्यातही थोडा पीळ होता, त्यामुळे ते टिकले. बांधा ठेंगणा, आवाज मात्र जाडा. दुसऱ्या खोलीतून हाक मारली तरी पुरुष आला आहे असे पाहुण्यांना वाटे. हातात येईल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहण्याची त्यांना सवय होती. मडके, दार, कलिंगड, भिंत, काही सुटत नसे. जावयाने नव्या घरात हौसेने फळी बसवली, तेव्हा काकूंनी तिच्यावर दोनदा टकटक केले आणि खालची खुर्ची सरकवून घ्या एवढेच सुचवले. जावई मनातून दुखावला. तिसऱ्या दिवशी फळी खाली आली. तेव्हापासून तो काहीही विकत घेतले की आधी सासूबाईंसमोर आणून ठेवतो.

सांधा म्हणजे काय, हे येथेच सांगून टाकणे बरे. लाकडी होडीचे अंग फळ्यांचे असते. फळीला कितीही नीट रंधा मारला तरी दोन फळ्यांमध्ये केसभर फट राहतेच, आणि पाण्याला केसभर वाट पुष्कळ होते. त्या फटीत सैल पिळाचे सूत बोथट छिनीने दाबून बसवायचे, त्यावर दुसरा थर, मग तिसरा, आणि शेवटी वरून लुकणाचा चिकट लेप लावायचा. छिनीवर ठोके मारण्यासाठी लाकडाची लांब डोक्याची मोगरी असते. तिच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी चिरा पाडलेल्या असतात आणि त्या चिरांमुळे मोगरी गाते. सांधा रिकामा असेल तर ठोका भद्द येतो. अर्धा भरला की टप्प. पूर्ण भरला की काचेच्या पेल्यावर चमचा वाजावा तसा लांब, उंच सूर निघतो. तेथे थांबायचे. त्यापुढेही ठोकत राहिले तर सूर आखूड आणि कोरडा होतो, चिडलेल्या माणसाच्या उत्तरासारखा. मग सूत फळ्यांना एकमेकींपासून ढकलू लागते, एक सांधा फुगतो आणि शेजारचा उघडतो. कोठे थांबावे हे डोळ्याला दिसत नाही. ते कानालाच कळते.

आता बहुतेक ठिकाणी नळीतून रबरासारखा लगदा फटीत सोडतात आणि जेवायला जातात. या शेडमध्ये मात्र थोरल्या मिस्त्रींच्या काळापासून सूत चालत आले होते, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आताचे मिस्त्री, लगद्याचे नाव काढले तरी नाक मुरडत.

पीळकाकूंना मोगरीचा सूर कोणी शिकवला नाही. त्यांचे घर शेडपासून सत्तर पावलांवर होते आणि स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला उघडत होती. नवी नवरी खिडकीत उभी राहून सूत वळत असे आणि दिवसभर ठोके ऐकत असे. महिनाभरात तिला कळू लागले, की सूर असा असा चढत गेला की फळी संपते, आणि फळी संपली की नवरा चहाला येतो. ठोकेकाका दारात पाय ठेवीत तेव्हा कप भरलेला असे. ही बायको मनातले ओळखते, असे त्यांनी मित्रांना सांगून टाकले. काकूंनी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. नवऱ्याचा असा एखादा समज राहू द्यावा, त्याने संसाराला बळकटी येते, असे त्यांचे मत होते.

ठोकेकाका हे मोठे आनंदी गृहस्थ. उंच, रुंद खांद्यांचे, आणि आपल्या कामाविषयी बोलताना जरा हवेत जाणारे. सांधा भरला हे तुम्हाला कसे कळते, असे कोणी विचारले की ते तळहात पुढे करून म्हणत, हात सांगतो. ऐकणारा भक्तिभावाने तो हात पाहत राही. काकू बाजूला बसून सुताला जरा जास्तच जोराने पीळ देत.

पस्तीस वर्षे कानापासून हातभर अंतरावर मोगरी गात राहिली, आणि तिने तो कान खाल्ला. पण सगळा नाही. माणसांचे बोलणे त्यांना नीट ऐकू येई, विशेषतः काकूंचे. गेला तो फक्त वरचा सूर. हे प्रथम काकूंच्या ध्यानात आले ते चहाच्या केटलीमुळे. एका सकाळी केटली शिट्टी मारून मारून घर डोक्यावर घेत होती आणि ठोकेकाका तिच्या शेजारी बसून शांतपणे नखे कापत होते. काकू अंगणातून धावत आल्या. काकांनी मान वर करून सांगितले, की ही केटली बिघडलेली दिसते, हल्ली शिट्टीच मारत नाही.

काकूंनी केटली खाली उतरवली. केटलीचा सूर आणि भरलेल्या सांध्याचा सूर एकाच उंचीवर होते. ज्याला एक ऐकू येत नाही त्याला दुसराही येणार नाही.

त्या दिवशी दुपारी त्यांनी सुताचा डबा आणि बसायचे बुटके स्टूल उचलले आणि शेड गाठली. घरात उजेड कमी पडतो, डोळे दुखतात, असे त्यांनी मिस्त्रींना कारण दिले. त्या होडीच्या पोटाशी, काकांना समोर दिसतील अशा बसल्या आणि मांडीवर सूत वळू लागल्या. काका ठोकत राहिले. सूर पूर्ण लागला की काकूंचे हात थांबत. हात थांबले की काका छिनी वीतभर पुढे सरकवीत. पुन्हा हात चालू, पुन्हा ठोके चालू. असे का करायचे, हे दोघांपैकी कोणीही तोंडाने उच्चारले नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे सहा वर्षे नाही.

शेडमधल्या मंडळींनी याचा अर्थ आपल्या परीने लावला. काकांची नजर दर क्षणाला काकूंकडे वळते हे सर्वांना दिसत होते. धाकटा सुतार म्हणे, एवढी वर्षे झाली तरी काकांची नजर काही निघत नाही, आणि आमच्या घरी मी केस कापून आलो तरी आठ दिवस कळत नाही. थोरल्या सुताराच्या बायकोने तर यावरून नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. पीळकाकू हे सगळे ऐकत आणि गालातल्या गालात हसत. मस्करी होते ती होऊ दे, भिंतीतला खिळा जागेवर आहे ना, एवढाच त्यांचा हिशेब.

घोडे अडले ते तरीवाल्याच्या होडीवर. पलीकडच्या काठावर माणसे ने-आण करणाऱ्या तरीवाल्याने मिस्त्रींकडे बारा फळ्यांची मोठी होडी मागितली होती. एवढे मोठे काम शेडमध्ये अकरा वर्षांत आले नव्हते. तरीवाला हा अविश्वासाचा पुतळा. पाणी पिण्यापूर्वी पेल्याला भोक आहे का ते बघणारा. त्याने बजावून ठेवले होते, की पाण्याच्या परीक्षेत होडी गळली, तर तो सरळ कारखान्यातली तयार प्लास्टिकची होडी घेईल. काम सुरळीत चालले होते. उजवी बाजू भरून होत आली होती. शेवटच्या फळीचे वीतभर काम उरले असताना मुलीचा फोन आला. ती जिन्यावरून घसरली होती, घोटा मोडला होता, जावई कामासाठी परगावी होता आणि घरात दोन लहान मुले होती.

काकूंना जाणे भाग होते. निघताना त्यांनी नवऱ्याला एवढेच सांगितले, की मी येईपर्यंत फळ्यांना तेल द्या, सूत भिजत घाला, हत्यारांना धार लावा, पण मोगरीला हात लावू नका. काकांनी मान डोलावली. मान डोलावण्याच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

पहिले दोन दिवस त्यांनी तेल दिले. तिसऱ्या दिवशी मिस्त्री जवळ येऊन उभे राहिले आणि डावी बाजू केव्हा घेता म्हणून विचारू लागले. चौथ्या दिवशी तरीवाला आला आणि काही न विचारता नुसता बघत राहिला, ते जास्त वाईट होते. बायको नाही म्हणून काम बंद आहे, असे सांगावे तर सगळी शेड हसणार. खरे कारण सांगावे तर खिळा जाणार. पाचव्या दिवशी ठोकेकाकांनी मोगरी उचलली. समोर स्टूल रिकामे होते. कोठे थांबावे हे कळेना, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवले, की कमी पडण्यापेक्षा जास्त झालेले बरे. प्रत्येक वितीला त्यांनी चार ठोके वरचे दिले. एक थर उगाच वाढवला. चार दिवसांत त्यांनी डावी बाजू संपवली, लुकण तेवढे लावायचे ठेवले, आणि आपण सर्वांचे समाधान केले या विचाराने त्यांना झोपही चांगली लागली.

नवव्या दिवशी दुपारी पीळकाकू बसमधून उतरल्या. मुलीच्या घोट्याला प्लॅस्टर बसले होते, जावई परतला होता. वळणावरच त्यांच्या कानावर मोगरी पडली. कोरडा, आखूड, चिडका सूर. काका शेवटच्या टोकाला उगाच आणखी दोन-दोन ठोके देत होते. काकू बॅग हातात घेऊन जागच्या जागी थांबल्या. त्यांनी होडी अजून पाहिलीही नव्हती, पण डावी बाजू बिघडली हे त्यांना रस्त्यावरच कळले. घरी न जाता त्या तडक शेडमध्ये गेल्या. मिस्त्री खुशीत होते. परवा सकाळी पाण्याची परीक्षा ठरली आहे, तरीवाल्याला निरोप गेला आहे, काकांनी एकहाती बाजी मारली, असे त्यांनी सांगितले. काका छिनी पुसत होते. त्यांनी बायकोकडे पाहिले, तिचा चेहरा पाहिला, आणि छिनी पुन्हा एकदा पुसली.

घरी आल्यावर काकूंनी केटली चुलीवर ठेवली आणि समोर बसल्या. पाणी उकळले. केटलीने शिट्टी धरली. काकू उठल्या नाहीत. काका मुलीच्या घोट्याविषयी विचारू लागले, नातवंडांविषयी विचारू लागले. केटली किंचाळत होती. शेजारीण कुंपणावरून डोकावून गेली.

"अहो," काकू अखेर म्हणाल्या, "चहा कधी घ्यायचा?"

"पाणी उकळू दे ना."

काकूंनी त्यांचा हात धरला आणि तळहात केटलीच्या कडीवर टेकवला. कडी थरथरत होती. काकांनी हात मागे घेतला नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

"ते मला विचारता? सहा वर्षं माझ्या हातांकडे कशाला बघत होता मग?"

"मला वाटलं, तू दमतेस म्हणून थांबतेस."

"वितीवितीला दमते? मी काय शंभर वर्षांची आहे?"

काका हसले. मग हसू ओसरले आणि ते खाली बसले. त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की आपल्याला ठाऊक होते, पण ठाऊक आहे हे मान्य केले नव्हते. मिस्त्रींना कळले तर ते पकड घेऊन भिंतीकडे जातील. एकोणिसाच्या वीस मेखा होतील. आणि नंतर? "घरी बसून मी काय करू? दिवसभर तुला सल्ले देऊ?"

काकूंनी त्या दिवसांचे चित्र डोळ्यांसमोर आणले. मीठ किती घालावे, दोरी कोठे बांधावी, खिडकी केव्हा लावावी.

"नको," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "त्यापेक्षा सांगून टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे बरोबर शेडमध्ये गेले. बोलायचे कोणी, यावर वाटेत थोडी वादावादी झाली. काकूंचे म्हणणे, की त्या सांगतील, कारण त्या घोळ घालत नाहीत. पण शेडमध्ये पाऊल ठेवताच काकांनी मोगरी खिळ्यावरून काढली, मिस्त्रींच्या समोर बाकावर ठेवली आणि दोन्ही सुतारांच्या देखत सांगितले, की डावी बाजू त्यांनी प्रमाणाबाहेर भरून बिघडवली आहे, मोगरीचा वरचा सूर त्यांना सहा वर्षांपासून ऐकू येत नाही, आणि हात वगैरे काही सांगत नाही.

मिस्त्री भडकले. ते स्वभावाने शांत, म्हणून भडकले की त्यांना काय करावे ते सुचत नसे. ते एकदा होडीभोवती फिरून आले. सहा वर्षांत येथून नऊ होड्या पाण्यात गेल्या होत्या. त्यांतल्या एकीत त्यांची स्वतःची मुलगी रोज शाळेला जात होती.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं मी कुणाच्या भरवशावर होड्या सोडल्या?"

"माझ्या," पीळकाकू म्हणाल्या.

मग थोरला सुतार हळूच भावाला म्हणाला, की म्हणजे ती नजर प्रेमाची नव्हती तर. हे आपल्या बायकोला आजच सांगायला हवे.

मिस्त्रींना ते पटण्यासारखे नव्हते. सुताला पीळ देणे वेगळे आणि सांध्याचा सूर जाणणे वेगळे. त्यांचे वडील म्हणत, की असा कान तयार व्हायला पंधरा वर्षे लागतात. काकूंनी नम्रपणे सांगितले, की खिडकीत आणि स्टुलावर मिळून त्यांची एक्केचाळीस वर्षे झाली आहेत. तेव्हा मिस्त्रींनी त्यांना शेडच्या बाहेर, बंद दाराच्या पलीकडे उभे केले आणि स्वतः मोगरी हातात घेतली. त्यांनी उजव्या बाजूच्या एका सांध्यावर ठोका मारला. दाराबाहेरून जाड्या आवाजात उत्तर आले, की हा भरलेला आहे. डाव्या बाजूला मारला. हा फुगला आहे. खालच्या फळीला मारला. येथे सांध्याचे सोडा, एक खिळा सैल आहे. धाकट्या सुताराने पोटाखाली रांगत जाऊन पाहिले, तर खिळ्याचे डोके केसभर वर आले होते. मिस्त्रींनी आता डाव टाकला. पहिल्याच सांध्यावर, त्याच जागी, पण काकांची मोगरी ठेवून आपल्या वडिलांच्या जुन्या मोगरीने ठोका मारला.

मग उत्तर आले, "सांधा तोच आहे. मोगरी थोरल्या मिस्त्रींची आहे. तिला तेल द्या, सुकलीय."

मिस्त्रींनी दार उघडले. रागावलेला चेहरा टिकवून ठेवणे त्यांना जड जात होते. तरी त्यांनी तो टिकवला आणि निर्णय सांगितला. डावी बाजू सगळी उकरून पुन्हा भरायची. परीक्षा दोन दिवस पुढे ढकलायची. खिळ्याचे काय करायचे ते परीक्षा झाल्यावर पाहू. आणि कान ज्यांचा आहे त्यांनीच मोगरी धरावी.

ते काही जमले नाही. एक्केचाळीस वर्षे सूर ऐकलेल्या पीळकाकूंनी मोगरी कधी उचललीच नव्हती. पहिला ठोका छिनीच्या बाजूने निसटला, दुसरा अंगठ्यावर बसला, आणि तिसऱ्या ठोक्याला छिनी उडून डब्यात पडली. त्यांनी अंगठा तोंडात धरला आणि मोगरीकडे अशा नजरेने पाहिले, की जणू एवढ्या वर्षांच्या ओळखीचा माणूस फिरला. काका दोन पावले अंतरावर उभे राहून छताकडे बघत होते. ते हसत नव्हते. न हसण्यासाठी त्यांना फार कष्ट पडत होते. अखेर काकूंनीच मोगरी त्यांच्या हातात दिली आणि आपले स्टूल ओढून घेतले.

मग काम पूर्वीसारखेच सुरू झाले. फरक एवढाच, की आता काकू हात थांबवीत नसत, तोंडाने सांगत. काका ठोकत आणि काकू म्हणत, बस. छिनी पुढे. बस. छिनी पुढे. त्यांचा आवाज असा, की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला एकदा खरोखरच थांबला. दुपारपर्यंत दोन्ही सुतारांनाही त्या तालाची सवय झाली आणि तेही बसच्या ठेक्यावर रंधा मारू लागले. मधूनच काका म्हणत, आणखी एक मारू का, आणि काकू म्हणत, चार दिवसांत मारलेत तेवढे या जन्माला पुरे झाले. सुताचे जुने थर आकड्याने उपसून काढताना मिस्त्रींनी एका सांध्यातून निघालेले सूत वीत लावून मोजले. ते दोन सांध्यांना पुरले असते. त्यांनी ते काकांच्या गळ्यात घातले आणि तेथेच राग संपला. पण खिळ्याविषयी ते काही बोलले नाहीत, आणि काका दर वेळी दाराशी गेले की भिंतीकडे पाहत.

परीक्षेच्या सकाळी तरीवाला सर्वांच्या आधी येऊन बसला होता. या परीक्षेची रीत उलटी असते. होडी पाण्यात न घालता पाणी होडीत घालतात. होडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवायची, खाली जमिनीवर खडूची भुकटी पसरायची आणि नळीने होडीचे पोट काठोकाठ भरायचे. कोठेही थेंब पडला तर पांढऱ्या भुकटीत काळा ठिपका उठतो. तासभर थांबायचे. ठिपका नाही तर होडी पास.

पाणी चढत गेले. सगळे वाकून, गुडघ्यांवर, हातांवर, होडीखाली बघत होते. प्रत्येकाची नजर डाव्या बाजूला होती. अर्धा तास झाला. डावी बाजू कोरडी ठणठणीत. पाऊण तास झाला. तरीवाल्याने भुकटीला बोट लावून ती ओली नाही ना याची खात्री केली, आणि ते बोट पाहून स्वतःच दचकला, कारण ते पांढरे झाले होते. काकांचा जीव भांड्यात पडत आला होता.

"इथे," धाकटा सुतार म्हणाला.

तो उजव्या बाजूला होता. उजव्या बाजूची शेवटची फळी, शेवटची वीत. खाली भुकटीत बोराएवढा ठिपका होता, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यावर दुसरा थेंब पडला.

उजवी बाजू म्हणजे काकूंच्या देखरेखीखाली झालेली बाजू. मिस्त्रींनी काकूंकडे पाहिले. काकूंनी त्या सांध्याकडे पाहिले. असे कधी झाले नव्हते. त्यांनी बोटाने त्या जागी टकटक केले. अर्धाच भरलेला होता, कोणालाही कळावा इतका. त्यांचा चेहरा उतरला. आणि मग ठोकेकाका मोठ्याने हसू लागले. ते इतके हसले, की त्यांना होडीला टेकावे लागले.

"अगं, फोन," ते म्हणाले. "पोरीचा फोन आला तेव्हा तू हात थांबवलेस. तू थांबलीस, मी पुढे सरकलो."

काकूंना तो क्षण आठवला. फोन वाजला होता, सूत मांडीवर तसेच राहिले होते, आणि काका समोर निमूटपणे छिनी पुढे सरकवीत होते. नंतर घाईगडबडीत ते कोणाच्या लक्षात राहिले नव्हते, आणि मिस्त्रींनी ती बाजू लुकण लावून बंद केली होती. सहा वर्षांत एकही चूक न झालेल्या त्या खुणेने एका फोनपायी दगा दिला होता. काकूही हसू लागल्या. तरीवाल्याला यातले काही कळेना. आपली होडी गळते आहे आणि ही माणसे हसत आहेत, यात काहीतरी फसवणूक असावी, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटले होते. मिस्त्रींनी त्याला बाजूला घेऊन सगळे समजावून सांगितले. पाणी तेवढ्या पातळीखाली उतरवले, लुकण खरवडून काढले, काकांनी एक पदर सूत घालून ठोके मारले, आणि पाचव्या ठोक्याला काकूंनी सायकलवाले थांबतील अशा आवाजात बस म्हटले. पाणी पुन्हा चढवले. पुन्हा तासभर सगळे गुडघ्यांवर. भुकटी पांढरी ती पांढरीच राहिली. तरीवाला उठला, गुडघे झाडले आणि म्हणाला, की जिच्यातून एक थेंब आला तरी सगळी शेड गोळा होते, ती होडी त्याला चालेल.

तरीवाला गेला आणि शेड शांत झाली. मिस्त्री भिंतीकडे निघाले. ठोकेकाका जागच्या जागी उभे राहिले. मिस्त्रींच्या हातात काय आहे ते पाठीमागून दिसत नव्हते, आणि काकूंनी नकळत नवऱ्याची बाही धरली. मिस्त्री चकाकणाऱ्या खिळ्यासमोर थांबले, त्याला हात लावून तो घट्ट आहे ना हे पाहिले, आणि मग हातातली हातोडी उचलून त्याच्या शेजारी, चार बोटे अंतरावर, एक नवा खिळा ठोकू लागले. ठोकता ठोकता मान न वळवता ते म्हणाले, की काकांचा खिळा तेथेच राहील, पण एकटा राहणार नाही. काकांनी मोगरी धरायची ती काकू स्टुलावर असतील तेव्हाच. काकू परगावी गेल्या तर काकांनी फळ्यांना तेल द्यायचे आणि मान डोलवायची नाही.

काकांनी मान डोलावली.

पीळकाकू पुढे झाल्या. त्यांनी सुताची पिशवी उचलली आणि टाचा उंच करून पाहिल्या. खिळा त्यांच्या हाताला येत नव्हता. मिस्त्रींनी तो काढून खाली घ्यायची तयारी दाखवली. काकूंनी नको म्हटले. उगाच भिंतीत आणखी एक भोक कशाला, पिशवी टांगायला हे आहेतच, एवढी उंची दुसऱ्या कशाच्या कामी येणार. काकांनी पिशवी घेऊन खिळ्याला अडकवली. मिस्त्री हातोडी खाली ठेवणार, इतक्यात काकूंनी त्यांना थांबवले. खिळा ठोकला जात असताना त्या ऐकतच होत्या.

"पूर्ण बसला नाही तो," त्या म्हणाल्या. "अजून एक मारा."

मिस्त्रींनी पिशवी बाजूला धरून आणखी एक ठोका मारला, आणि काकूंकडे पाहिले.

"बस."